गोरखचिंचेची लागवड आणि निगा



मागल्या एका भाषणांत मीं गोरखचिंचेचें नांव ओझरतें घेतलें होतें, त्यावर कांहीं श्रोत्यांचीं पत्रें आलीं. बहुतेकांचा प्रश्न एकच : हें झाड घरीं लावतां येईल काय, आणि लावल्यास त्याची निगा कशी राखावी ? एका भगिनींनीं तर आपल्या गच्चीवरील कुंडींतलें रोप माघ महिन्यांत वाळून गेलें म्हणून हळहळ व्यक्त केली आहे. तें रोप खरोखर वाळलें होतें, कीं नुसतें झोपीं गेलें होतें, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. कारण त्यांनीं तें उपटून टाकलें. माझ्या हातून याच्या नेमकी उलट चूक घडली आहे. तिची हकीकत पुढें येईलच.

प्रथम या झाडाची ओळख करून घेऊं. गोरखचिंच ही चिंच नव्हे. आपल्या नेहमींच्या ओळखीची चिंच शेंगा धरणाऱ्या कुळांतली. गोरखचिंचेचें नातें कापूस, भेंडी, जास्वंद आणि सांवर यांच्याशीं. फळांतला पांढरा, कोरडा गर जिभेला आंबट लागतो, एवढ्यावरून लोकांनीं तिला चिंचेच्या घरांत नेऊन बसविलें. मिशेल आदांसों नांवाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७४९ पासून १७५४ पर्यंत पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगाल देशांत राहिला होता. त्यानें या वृक्षाचा बारकाईनें अभ्यास केला, म्हणून लिनियसनें या प्रजातीस त्याच्या नांवावरून ‘अडान्सोनिया’ असें नांव दिलें. आपल्याकडील जातीचें पुढलें नांव ‘डिजिटाटा’. तें हाताच्या बोटांवरून आलें आहे, कारण मोठ्या झाडाच्या पानांत एका देठावर पांच ते सात पर्णिका पसरलेल्या पंज्यासारख्या असतात. इंग्रजींत या वृक्षास ‘बाओबाब’ म्हणतात. जगांत त्याच्या आठ जाति सामान्यतः मानल्या जातात : सहा मादागास्कर बेटांत, एक ऑस्ट्रेलियांत आणि एक आफ्रिका खंडांत. आपल्याकडे आली ती ही आफ्रिकेंतली. २०२४ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, या सर्व जातींचें मूळ माहेर मादागास्कर असावें, असा निष्कर्ष काढला आहे.

मग हें आफ्रिकेंतलें झाड महाराष्ट्रांत आलें कसें ? या प्रश्नावर २०१५ सालीं शास्त्रज्ञांच्या एका गटानें भारतांतील व आफ्रिकेंतील झाडांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून प्रकाश पाडला. त्यांच्या मतें हीं झाडें समुद्रावरून वाहत एकदांच आलीं नाहींत. माणसांनीं तीं निरनिराळ्या काळीं, अनेक वेळां आणलीं. अरब व्यापारी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले सिद्दी शिपाई आणि खलाशी, मागाहून पोर्तुगीज, यांच्या येण्याजाण्याच्या वाटा पाहिल्या म्हणजे हीं झाडें किल्ले, बंदरें आणि जुन्या राजधान्या यांच्याच आसपास कां दिसतात, याचा उलगडा होतो. वसईच्या किल्ल्यांत गोरखचिंचा आहेत, मुंबईच्या राणीच्या बागेंत आहेत. गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यांतील वृक्षाचा परीघ पंचवीस मीटरांहून अधिक भरतो. कर्नाटकांत सावनूर येथें एका मठाच्या आवारांतले प्रचंड वृक्ष दूरदूरचे लोक पाहावयास जातात. माळव्यांतील मांडूस तर तीं इतकीं आहेत कीं त्यांचें फळ तेथल्या बाजारांत ‘मांडूची इमली’ म्हणून विकलें जातें; हिंदींत तिचें दुसरें नांव ‘खुरासानी इमली’. उत्तर प्रदेशांत बाराबंकी जिल्ह्यांतील किंतूर गांवीं याच जातीच्या एका वृक्षास ‘पारिजात’ समजून लोक पूजतात, आणि त्याचा संबंध कुंतीशीं जोडतात. आपल्या अंगणांत पहांटे सडा घालणारा प्राजक्त तो हा नव्हे, हें सांगावयास नकोच.

मराठींतलें नांव मात्र नाथपंथानें दिलें. गोरक्षनाथांनीं या झाडाखालीं बसून शिष्यांस उपदेश केला, अशी समजूत आहे. आम्हां नाशिककरांस ती जवळची वाटते. कारण गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ यांनीं निवृत्तिनाथांस अनुग्रह दिला तो येथून जवळच, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, असें परंपरा सांगते. झाड परदेशचें ठरलें म्हणून ही कथा खोटी पडली, असें मानणाऱ्यांपैकीं मी नाहीं. मिरची, बटाटा आणि पेरू हेही समुद्रापलीकडून आले. आज त्यांना परके कोण म्हणेल? असो.

निगा राखण्यापूर्वीं या झाडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, नाहीं तर प्रेमानेंच आपण त्याचा घात करतों. गोरखचिंचेचें लाकूड भरीव नसतें. तें मऊ, तंतुमय व पाण्यानें भरलेलें असतें; सुताराच्या दृष्टीनें तें टाकाऊ. या पाण्याच्या जोरावर झाड भर उन्हाळ्यांत ताजेंतवानें राहतें, असा सर्वसाधारण समज आहे, तो अर्धाच खरा. मादागास्करमधील वृक्षांवर ज्या शास्त्रज्ञांनीं मोजमापें केलीं, त्यांस असें आढळलें कीं, रोजच्या तहानेसाठीं झाड हें सांठवलेलें पाणी फारसें खर्चीतच नाहीं. कोरड्या दिवसांत तें पानें गाळून स्वस्थ बसतें. सांठ्याचा उपयोग दोन कामीं होतो : एक, मऊ बुंधा ताठ उभा ठेवण्यास, आणि दुसरें, पाऊस पडण्याच्या आधींच नवी पालवी फोडण्यास. काटकसरी गृहस्थानें वर्षभर ठेव मोडूं नये, आणि पेरणीच्या तोंडावर मात्र बीं-बियाण्यासाठीं ती बाहेर काढावी, तसा हा प्रकार आहे. तेव्हां हिवाळ्यांत आणि फाल्गुन-चैत्रांत आपलें झाड निष्पर्ण दिसलें तर तें तहानलेलें आहे असें समजूं नये. तें विश्रांति घेत असतें.

आतां लागवडीकडे वळूं. फळ दुधीभोपळ्याच्या लहान आकाराचें, वरून मखमलीसारखी लव असलेलें व कठीण कवचाचें असतें. तें हातोडीनें फोडावें. आंतल्या गरांत काळपट तपकिरी रंगाच्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया असतात. त्या पाण्यांत भिजत घालून हातानें चोळल्या म्हणजे गर सुटतो. तें पाणी ओतून देऊं नये. गाळून साखर व चिमूटभर मीठ घातलें कीं उत्तम सरबत होतें. या गरांत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असतें, आणि २००८ सालीं युरोपीय संघानें खाद्यपदार्थ म्हणून त्यास मान्यता दिल्यापासून तिकडे त्याची भुकटी महाग विकली जाते. आमच्या मांडूच्या बाजारांतल्या बायकांस हें कोणी सांगितलें असेल काय, कोण जाणे.

बियांचें कवच फार टणक असतें. आफ्रिकेंत हत्ती आणि माकडें फळें खातात, आणि त्यांच्या पोटांतून गेलेलें बीं रुजण्यास सोपें जातें. आपल्याकडील जुन्या झाडांखालीं नवीं रोपें क्वचितच दिसतात. बीं तसेंच पेरलें तर शेकडा वीस देखील उगवत नाहींत. मीं पहिल्या खेपेस हेंच केलें. मुंबईस नोकरीला असलेला माझा एक जुना विद्यार्थी वसईस सहलीला गेला असतां खालीं पडलेलें एक फळ घेऊन आला. मीं मोठ्या उत्साहानें, तेंही ऐन थंडींत, त्यांतील कांहीं बिया कुंडींत खोंचल्या आणि अडीच महिने माती न्याहाळीत बसलों. एकही बीं वर आलें नाहीं. बीं पेरण्याचा खरा काळ चैत्र-वैशाखाचा. माती तापलेली असावी. पाणी उकळून चुलीवरून उतरवावें, त्यांत बिया टाकाव्या, आणि पाणी आपोआप निवूं देऊन एक दिवस व एक रात्र तशाच ठेवाव्या. ज्या फुगतील त्या लगेच पेराव्या. ज्या फुगल्या नाहींत त्यांची एक बाजू कानशीनें किंचित् घासावी. आंतला पांढरा भाग दिसूं लागतांच हात थांबवावा, आणि पुन्हां भिजत घालाव्या. मोठ्या रोपवाटिकांत या कामीं तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरांत मुलेंबाळें असतां तो उद्योग कोणीं करूं नये. कानस पुरेशी आहे. या रीतीनें मीं पुढल्या वैशाखांत बारा बिया पेरल्या, त्यांतल्या सात तीन आठवड्यांच्या आंत उगवल्या.

बीं बोटाच्या एका पेरापेक्षां खोल पुरूं नये. कुंडी मात्र खोल हवी, निदान हातभर. कारण रोप जमिनीवर दिसतें त्याहून खालीं जास्त वाढतें. त्याचें सोटमूळ पहिल्याच वर्षीं गाजरासारखें फुगतें. पसरट कुंडींत तें तळाला लागून वांकडें होतें. कुंडी मातीचीच घ्यावी, म्हणजे तिच्या अंगांतून ओल निघून जाते. चिनी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्यावयाची असेल तर तळाशीं भोकें वाढवावीं. आंत भरावयाचें मिश्रण असें : दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग पोयटा आणि एक भाग चांगलें मुरलेलें शेणखत. आपल्या भागांतली काळी माती कितीही कसदार असली तरी येथें तिचा मोह धरूं नये. ती पाणी धरून ठेवते, आणि द्राक्षाला वा कांद्याला जें मानवतें तें या झाडाला मानवेलच असें नाहीं.

रोप उगवल्यावर अनेकांची फसगत होते, तिचा खुलासा करतों. पहिलीं पानें पंज्यासारखीं नसतात. तीं साधीं, एकेरी, लांबट असतात. पांच बोटांचें पान कालांतरानें येतें. म्हणून आपलें बीं भलत्याच झाडाचें निघालें, असें समजून रोप फेकूं नये. याच्या उलट, बाजारांत गोरखचिंच म्हणून भलतेंच रोप गळ्यांत पडण्याचा संभव आहे. एका रोपवाटिकेंतून मीं विकत घेतलेल्या ‘गोरखचिंचे’च्या खोडावर वर्षभरानें चांगले टोंचणारे कांटे फुटले, तें सांवरीचें रोप होतें. गोरखचिंचेला कांटे नसतात. तिची साल गुळगुळीत, राखी रंगाची असते, आणि कोवळें खोड बुडाशीं जाड व वर निमुळतें असतें. मोठेपणींचा तो हत्तीच्या पायासारखा अवाढव्य बुंधा मात्र पहिल्या कांहीं वर्षांत शोधूं नये. लहानपणीं हें झाड इतर झाडांसारखेंच सडसडीत दिसतें, आणि त्यामुळें जाणतीं माणसेंही त्यास ओळखीत नाहींत.

पहिला पावसाळा हा पहिला धोका. कोवळ्या रोपाचा देठ जमिनीलगत कुजून तें एका रात्रींत आडवें पडतें. माझीं दोन रोपें श्रावणांत अशींच गेलीं. कुंडी अशा ठिकाणीं ठेवावी कीं तिला सकाळचें ऊन मिळेल, पण पन्हळीचें पाणी तिच्यावर पडणार नाहीं. वरची माती बोटभर खोलपर्यंत कोरडी झाल्याखेरीज पाणी देऊं नये. या काळांत रोप झपाट्यानें वाढतें. महिन्यांतून एकदां मूठभर शेणखत पुरे.

दुसरा धोका हिवाळ्याचा, आणि येथेंच माझ्या हातून तो अपराध घडला. मार्गशीर्षांत माझ्या उरलेल्या पांचही रोपांचीं पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. झाड पानझडी आहे हें मला ठाऊक होतें. शाळेंत मुलांना मींच तें शिकविलें होतें. पण पुस्तकांतलें ज्ञान निराळें, आणि आपण लाविलेल्या रोपाची नुसती काडी उरलेली पाहणें निराळें. मला राहवेना. रोज सकाळीं स्नान आटोपलें कीं मी प्रत्येक कुंडींत तांब्याभर पाणी घालूं लागलों. घरांतल्यांनीं एकदोनदां टोंकलें, तर त्यांनाच मीं झाडांच्या तहानेवर व्याख्यान दिलें. पौषांत एके दिवशीं एका खोडाला बोट लावलें तों तें पिकलेल्या केळ्यासारखें आंत दबलें. उपटून पाहिलें : तें गाजरासारखें मूळ काळें पडलें होतें, आणि त्याला कुजकट वास सुटला होता. आठ दिवसांत तीन रोपें गेलीं. उरलेलीं दोन वांचलीं, त्याचें श्रेय माझें नव्हे. गच्चीवर पाण्याच्या टांकीमागें अडचणींत त्यांच्या कुंड्या होत्या, आणि तेथवर वांकून जाण्याचा मला कंटाळा येई. म्हणून त्यांना पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता. मे महिन्याच्या अखेरीस, आभाळांत एकही ढग नसतां, त्या दोन वाळक्या काड्यांच्या टोंकांवर हिरवे कोंब आले.

तेव्हां नियम लक्षांत ठेवावा. पानें गळूं लागलीं कीं पाणी कमी करीत जावें, आणि सर्व पानें गळल्यावर तें जवळजवळ बंदच करावें. एक वर्षाहून लहान रोप असेल तर महिन्यांतून एकदां माती किंचित् ओलसर करावी, अधिक नाहीं. नवे कोंब स्वतःहून येईपर्यंत खत देऊं नये. रोप जिवंत आहे कीं नाहीं अशी शंका आल्यास खोडाची साल नखानें अगदीं थोडी खरवडावी. आंत हिरवें दिसलें, आणि बुंधा दाबून घट्ट लागला, तर निर्धास्त असावें. थंडीपासून मात्र कोवळ्या रोपांस जपलें पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे, आणि निफाडकडे तर कांहीं हिवाळ्यांत पारा पांच अंशांच्याही खालीं उतरतो. मूळच्या उष्ण देशांतल्या या झाडाचें कोवळें खोड हिंव सोसत नाहीं. पहिले दोन हिवाळे कुंडी भिंतीच्या आडोशास ठेवावी, किंवा रात्रीं वर गोणपाट टाकावें. कोंकणांत किंवा मुंबईस हा प्रश्न नाहीं. तेथला शत्रु थंडी नसून पाऊस.

किडींविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. पिठ्या ढेकूण तेवढा त्रास देतो. आमच्या द्राक्षबागाइतदारांस त्याची चांगलीच ओळख आहे. पानांच्या बगलेंत पांढरा कापसासारखा पुंजका दिसला कीं साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसून काढावा, आणि आठ दिवसांनीं निंबोळीच्या अर्काची फवारणी करावी.

आतां जो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतों. हें झाड लावावें कोठें ? कुंडींत तें पुष्कळ वर्षें राहूं शकतें. दर दोन-तीन वर्षांनीं, निष्पर्ण असतां, कुंडींतून काढून, मुळांची थोडी छाटणी करून नव्या मातींत लावलें, कीं तें ठेंगणें पण जाडजूड होतें, आणि दिसावयास मोठें मौजेचें असतें. ज्यांच्यापाशीं केवळ गच्ची आहे त्यांनीं एवढ्यावर समाधान मानावें. पण जमिनींत लावणें ही वेगळी जबाबदारी आहे. चांगल्या जागीं पहिल्या दोन वर्षांतच तें पुरुषभर उंच होतें, आणि बियांपासून वाढविलेल्या झाडाला फूल येण्यास पंधरा-वीस वर्षें तरी लागतात. कलम केलेलें झाड बरेंच लौकर फुलतें. फूल मोठें, पांढरें आणि खालीं लोंबणारें असतें; तें संध्याकाळीं उमलतें, रात्रीं वटवाघळें त्याच्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशीं तें गळून पडतें. वास कोणास आवडेल असा नसतो. आणि पुढें शेंकडों वर्षें हा बुंधा रुंदच होत जावयाचा. दोन इमारतींमधल्या पंधरा फुटांच्या पट्टींत, किंवा विजेच्या तारांखालीं, असें झाड लावणें म्हणजे आपल्या नातवंडांवर त्याच्या तोडीचा गुन्हा सोपविणें होय.

माझीं दोन रोपें वांचलीं तेव्हां मीं प्रथम जुन्या नाशकांतील आमच्या वाड्याच्या परसाचा विचार केला. तेथें जागा होती, विहीर होती, आणि लहानपणापासूनचा लोभ होता. परंतु भाऊबंदांत त्या वाड्याच्या जागीं इमारत उठविण्याचें ठरत आलें होतें. नकाशावर परसाच्या जागीं मोटारी उभ्या करण्याची सोय दाखविली होती. एक रोप मग मीं सिन्नरकडे ज्याची शेती आहे अशा एका विद्यार्थ्याच्या बांधावर लावलें. तो भाग कमी पावसाचा, आणि जमीन मुरमाड, म्हणजे या झाडाच्या सोयीची. दोन हात रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणून त्यांत मुरूम, वाळू आणि शेणखत भरलें, आणि मध्यें उंचवटा करून त्यावर रोप ठेवलें, म्हणजे पावसाचें पाणी बुडाशीं सांचूं नये. ज्यांची जमीन काळी व सपाट आहे त्यांनीं तर हा उंचवटा चांगला हातभर उंच करावा. लावणीची वेळ मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर. गुरांपासून राखण्यासाठीं बाभळीच्या फांद्यांचें कुंपण घातलें, कारण कोवळा पाला गुरेंशेळ्या आवडीनें खातात. पश्चिम आफ्रिकेंत माणसेंही त्याची भाजी करतात. पहिला उन्हाळा पंधरा दिवसांतून एकदां घागरभर पाणी घातलें; पुढें तेंही बंद केलें. त्या शेताशेजारून रस्ता रुंद होणार, अशी वदंता मधूनमधून उठते. तो विद्यार्थी म्हणतो, ‘‘गुरुजी, रस्ता आला तर आपण झाड मागें सरकवूं.’’ लहानपणीं, निष्पर्ण असतां, हें झाड हलविलेलें सोसतें, हें खरें आहे.

मोठ्या झाडांच्या बाबतींत मात्र हा भरंवसा धरूं नये. २०२२ च्या सुमारास धार जिल्ह्यांतील मोठमोठ्या गोरखचिंचा मुळांसकट उपटून हैदराबादजवळच्या एका खाजगी बागेंत नेण्यास सुरुवात झाली, तेव्हां तेथल्या गांवकऱ्यांनीं वाट अडविली, आणि पुढें प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०२४ सालीं मुंबईस सांताक्रूझ येथें मेट्रोच्या कामासाठीं एक जुनी गोरखचिंच तोडण्यांत आली. २०२५ च्या अखेरीस आमच्या तपोवनांतील झाडांच्या तोडीवरून नाशकांत केवढें वादळ उठलें, तें आपण जाणतांच. आपल्या राज्यांत १९७५ पासून नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष स्थान मिळालें आहे. आपल्या आळींत, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारांत असें झाड असेल तर त्याची नोंद वृक्षगणनेंत योग्य नांवानें झाली आहे कीं नाहीं, एवढें तरी पाहून ठेवावें. ‘इतर’ या सदराखालीं गेलेल्या झाडाची बाजू मांडणें कठीण पडतें.

खुद्द आफ्रिकेंतूनही चिंतेची वार्ता आहे. या वृक्षांच्या वर्षवलयांवर विसंबतां येत नाहीं, म्हणून त्यांचें वय किरणोत्सर्गी कर्बाच्या साहाय्यानें काढतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, आफ्रिकेंतील सर्वांत वृद्ध अशा तेरा वृक्षांपैकीं नऊ वृक्ष आदल्या बारा वर्षांत एक तर पूर्ण मेले, किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळले. त्यांतला झिंबाब्वेमधील एक वृक्ष सुमारें २४५० वर्षांचा होता. कोणत्या रोगाची साथ आढळली नाहीं. बदलत्या हवामानाकडे संशोधकांनीं बोट दाखविलें आहे, पण तें सिद्ध झालेलें नाहीं.

जुन्या झाडाची निगा म्हणजे बहुतांशीं त्याला सुखानें राहूं देणें. बुंध्याभोंवतीं सिमेंटचा पार बांधूं नये. मुळांना हवा लागत नाहीं, आणि बुडाशीं पाणी कोंडतें. खिळे ठोकून पाट्या लावूं नयेत, कारण मऊ लाकडांत प्रत्येक छिद्रांतून बुरशी शिरते. ढोलींत केरकचरा जाळण्याची कांहींना खोड असते, ती मोडावी. बुंधा पोकळ झाला म्हणून झाड मेलें असें नव्हे. कित्येक गोरखचिंचा पोकळ असूनही दर वर्षीं फळें देतात. सालीच्या धाग्यांचे दोर वळण्यासाठीं आफ्रिकेंत साल सोलून काढतात, आणि ती पुन्हां भरून येते. तथापि आपण तो प्रयोग करण्याचें कारण नाहीं.

माझें दुसरें रोप अद्याप गच्चीवर, त्याच टांकीमागें आहे. आतां तें माझ्या छातीइतकें उंच झालें असून त्याचा बुंधा मनगटाएवढा आहे, आणि गेल्या पावसाळ्यांत त्याला प्रथमच पांच बोटांचें पान आलें. कांहीं श्रोत्यांनीं बियांची मागणी केली आहे. माझ्यापाशीं आतां बीं उरलेलें नाहीं. पण फळें हिवाळ्यांत पिकतात, आणि पुढें उन्हाळ्याच्या तोंडाशीं आपोआप खालीं पडूं लागतात. तेव्हां जुन्या झाडाखालीं शोधावें, दगड मारून पाडूं नयेत. आंतल्या बिया कोरड्या जागीं ठेवल्यास वर्षानुवर्षें टिकतात. म्हणून फळ मिळतांच पेरण्याची घाई करूं नये. तें न फोडतां वैशाखापर्यंत ठेवून द्यावें.